पाण्यानें घडविलेले रांजण

भोर व वेल्हें भागांतील नीरा, गुंजवणी व कानंदी या नद्या ज्या काळ्या कातळावरून वाहतात, त्याच कातळांत पाण्यानें केलेलें कोरीव काम पाहावयाचें असल्यास एक दिवस काढून निघोजला जावें. पुणें जिल्ह्याच्या ईशान्य सीमेवर, शिरूर व पारनेर तालुक्यांच्या मध्यें, कुकडी नदीनें आपल्या पात्रांत असंख्य रांजणखळगे खोदले आहेत.

हे खळगे कसे झाले? चुनखडीचा दगड पाण्यांत हळूहळू विरघळतो व त्यांत गुहा होतात. आपला कातळ तसा सहजासहजीं विरघळत नाहीं. तो झिजवावा लागतो. पुराच्या भोंवऱ्यांत सांपडलेला गोटा एकाच जागीं गरगर फिरतो, खडक घासतो व स्वतःही झिजून जातो. मग त्याची जागा दुसरा गोटा घेतो. असे हजारों पावसाळे लोटतात, तेव्हां रांजण तयार होतो. शेजारचे रांजण एकमेकांस मिळाले म्हणजे खोल घळ बनते.

येथें हिवाळ्यांत, पाणी ओसरल्यावर जावें. कांठ गुळगुळीत असतात आणि शांत पाण्याची खोली वरून कळत नाहीं. म्हणून पाण्यांत उतरण्याचा मोह कोणीं धरूं नये. तळचा गोटाही आठवण म्हणून उचलूं नये. पुढील पुराचें तें हत्यार आहे.