फेरा संपला, आता गोळ्या कशा उतरवायच्या?

लेखमाला ‘डोकं आणि दुखणं’ : भाग ७

मागच्या दोन भागांत आपण क्लस्टर डोकेदुखीची लक्षणं आणि तिची औषधं पाहिली. एकाच डोळ्याभोवती उसळणारी असह्य कळ, त्याच बाजूने वाहणारं नाक आणि डोळा, जागेवर बसू न देणारी तगमग. एकेक झटका १५ मिनिटांपासून ३ तासांपर्यंत टिकतो, आणि असे झटके दिवसाला आठापर्यंतही येऊ शकतात. ते थोपवायला व्हेरापामिल, लिथियम, टोपिरामेट, प्रेडनिसोलोन अशी प्रतिबंधक औषधं दिली जातात. ही औषधं सुरू कशी करायची ते डॉक्टरांच्या चिठ्ठीवर असतं. बंद कधी आणि कशी करायची, हे मात्र अनेकदा लिहिलेलं नसतं. मग रुग्ण स्वतःच ठरवतो. कुणी चार दिवस डोकं दुखलं नाही की गोळ्या सोडतो, तर कुणी ते दुखणं परत येईल या धास्तीने वर्षभर गोळ्या चालू ठेवतो. पहिल्याला झटके दुप्पट वैतागाने गाठतात आणि दुसऱ्याच्या शरीरावर गरज नसलेल्या औषधाचा भार पडत राहतो. दोघांचाही त्रास टाळता येण्यासारखा आहे.

गोळी फेरा संपवत नाही

बहुतेक रुग्णांना हा आजार फेऱ्यांनी येतो. फेरा काही आठवडे ते तीन महिने चालतो, मग आपोआप ओसरतो, आणि पुढचे कित्येक महिने, कधी वर्षंही, डोकं अगदी मोकळं असतं. अनेकांचा फेरा दर वर्षी ठरावीक ऋतूतच येतो. झटक्याची वेळही ठरलेली असते. झोप लागल्यावर तासा-दोन तासांनी जाग आणणारा झटका या रुग्णांना चांगलाच ओळखीचा असतो. या वेळापत्रकामागे मेंदूतला हायपोथॅलॅमस हा भाग आहे. शरीराचं घड्याळ तिथूनच चालतं. १९९८ साली आर्ने मे, पीटर गोड्सबी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी झटका चालू असताना केलेल्या पेट स्कॅनमध्ये नेमका तोच भाग सक्रिय झालेला दिसला.

आणखी एक गोष्ट फार बोलकी आहे. फेरा चालू असताना मद्याच्या थोड्याशा घोटानेही किंवा नायट्रोग्लिसरीनच्या गोळीनेही झटका येऊ शकतो. फेरा संपल्यावर त्याच माणसाला त्याच गोष्टींनी काही होत नाही. म्हणजे फेरा ही शरीराची एक वेगळी अवस्था आहे. ती स्वतःच्या घड्याळाने सुरू होते आणि स्वतःच्या घड्याळानेच संपते. व्हेरापामिल ती अवस्था संपवत नाही, ती चालू असेपर्यंत झटके अडवून धरतं. डोक्यावर इरलं घेतलं म्हणून पाऊस थांबत नाही, आपण फक्त भिजत नाही. त्यामुळे गोळ्या घेत असताना डोकं शांत असेल, तर त्यावरून फेरा संपला की औषधाखाली दबला आहे हे कळत नाही. गोळ्या उतरवण्याची सगळी काळजी या एका अडचणीतून येते.

दोन अटी

म्हणून गोळ्या कमी करायला हात घालण्याआधी दोन अटी पूर्ण व्हायला हव्यात. पहिली, किमान दोन आठवडे, शक्यतो तीन-चार, एकही झटका आलेला नसावा. दुसरी, तुमचा फेरा नेहमी जितका चालतो तितका काळ उलटून गेलेला असावा. ज्याचा फेरा दर वेळी आठ आठवड्यांचा असतो, त्याने पाचव्या आठवड्यातल्या शांततेवर विसंबू नये. तिथे औषध काम करत आहे, एवढाच अर्थ काढावा. पहिल्यांदाच फेरा आलेल्या रुग्णाकडे मागचा हिशेब नसतो. त्याने शांततेचा काळ अधिक लांब धरावा.

इथे डायरी उपयोगी पडते. कॅलेंडरवर झटक्याची तारीख, वेळ, बाजू, किती वेळ टिकला आणि त्या दिवशीचा डोस, एवढं लिहिलं तरी पुरे. दुसऱ्या-तिसऱ्या फेऱ्यापर्यंत तुमच्या आजाराचा स्वभाव त्या पानांवर उमटलेला असतो, आणि डॉक्टरांना निर्णय घ्यायला त्याच्याइतकी भक्कम दुसरी माहिती नसते.

तारीख निवडतानाही विचार करा. घरचं लग्न, परीक्षा, लांबचा प्रवास तोंडावर असताना डोस कमी करू नका. झटका आल्यावर लागणारं औषध, म्हणजे सुमाट्रिप्टानचं इंजेक्शन किंवा ऑक्सिजनचा भरलेला सिलिंडर, हाताशी ठेवूनच पायरी उतरा. शेवटची गोळी घेऊन काही आठवडे उलटेपर्यंत मद्य टाळा. ‘फेरा संपला का पाहू’ म्हणून घोटभर घेऊन परीक्षा तर मुळीच घेऊ नका.

व्हेरापामिल : पायरी पायरीने

व्हेरापामिल मुळात रक्तदाब आणि हृदयाचं औषध. क्लस्टरसाठी मात्र ते दिवसाला २४० मिलिग्रॅमपासून काहींना ९६० मिलिग्रॅमपर्यंत द्यावं लागतं. हृदयाच्या वरच्या कप्प्यांकडून खाली जाणारा विद्युत संदेश ते मंदावतं, म्हणूनच डोस वाढवताना प्रत्येक टप्प्यावर ईसीजी काढतात. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश अभ्यासात, हे औषध घेणाऱ्या आणि ईसीजी उपलब्ध असलेल्या १०८ रुग्णांपैकी २१ जणांच्या हृदयाच्या लयीत बिघाड आढळला होता. गरज संपल्यावर हे औषध शरीरात का राहू देऊ नये, याचं उत्तर या आकड्यात आहे.

उतरवण्याची रीत साधी आहे. समजा, एखादा रुग्ण रोज ४८० मिलिग्रॅमवर आहे आणि दोन्ही अटी पूर्ण झाल्या आहेत. डॉक्टर त्याला दर आठवड्याला ८० मिलिग्रॅम कमी करायला सांगू शकतात: ४८०, ४००, ३२०, २४०, १६०, ८० आणि मग बंद. हा केवळ नमुना आहे. कुणाला दोन आठवड्यांची पायरी लागेल, कुणाला आधी रात्रीचा डोस राखून दिवसाचा कमी करावा लागेल. ज्याला झोपेतच झटके येतात त्याच्यासाठी रात्रीची गोळी शेवटी जावी, हे समजण्यासारखं आहे. एसआर, म्हणजे सावकाश विरघळणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर त्या कुटून किंवा चावून घेऊ नका. तोडायच्या असतील तर त्या गोळीला ते चालतं का, हे केमिस्टला विचारा. लहान टप्प्यांसाठी ४० किंवा ८० मिलिग्रॅमच्या साध्या गोळ्या लिहून घेणं सोयीचं पडतं.

आता एक गोष्ट जी सहज राहून जाते. व्हेरापामिल इतर औषधांच्या रक्तातल्या पातळीवर परिणाम करतं. डिगॉक्सिन, सिमव्हास्टॅटिन, कार्बामाझेपिन यांची पातळी ते वाढवतं. ते सुरू करताना यांचे डोस कमी केले असतील, तर ते थांबवताना पुन्हा तपासायला हवेत. तसंच, व्हेरापामिल आहे म्हणून रक्तदाबाची दुसरी गोळी बंद केली असेल, तर गोळ्या उतरवताना रक्तदाब मोजत राहा. छातीत दुखण्याचा म्हणजे अंजायनाचा त्रास असलेल्यांनी हे औषध स्वतःहून एकदम कधीच सोडू नये.

स्टेरॉइड : सर्वांत आधी जाणारं

व्हेरापामिलचा पूर्ण गुण यायला दोन-तीन आठवडे लागतात. तोवरचा काळ निभावण्यासाठी प्रेडनिसोलोनसारखं स्टेरॉइड देतात. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या जर्मनीतल्या एका चाचणीत रोज १०० मिलिग्रॅम प्रेडनिसोन ५ दिवस आणि नंतर दर ३ दिवसांनी २० मिलिग्रॅम कमी, असा क्रम होता. पहिल्या आठवड्यात स्टेरॉइड घेणाऱ्यांना सरासरी ७.१ झटके आले, न घेणाऱ्यांना ९.५.

स्टेरॉइडचा डोस खाली येताच झटके डोकं वर काढू शकतात. खरा मोह इथे असतो. घरात उरलेल्या पट्टीतून पुन्हा दोन गोळ्या, आठवड्याने आणखी दोन. कृपा करून हे करू नका. वारंवार स्टेरॉइड घेतल्याने साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात, खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटून ते कायमचं निकामी होऊ शकतं. आणि तीन-चार आठवड्यांहून जास्त काळ ते चाललं असेल, तर शरीरातल्या अधिवृक्क ग्रंथी स्वतःचं काम मंद करून बसलेल्या असतात. अशा वेळी एकदम बंद केलं तर पराकोटीचा थकवा, मळमळ, उलट्या, उभं राहिल्यावर चक्कर, रक्तदाब घसरणं असा धोकादायक प्रकार होतो. ही लक्षणं दिसली तर थेट रुग्णालय गाठा आणि स्टेरॉइड किती दिवस घेतलं ते आधी सांगा.

बाकीची औषधं

टोपिरामेट एकदम सोडल्यास ज्याला आधी कधीच फिट आली नाही त्यालाही फिट येण्याचा धोका असतो, म्हणून ते काही आठवड्यांत थोडं थोडं कमी करतात. लिथियमही सावकाश उतरवतात. रुग्णाला मनोविकारासाठीही ते चालू असेल, तर मनोविकारतज्ज्ञांच्या संमतीशिवाय त्याला हात लावायचा नसतो. लिथियम पूर्ण थांबेपर्यंत त्याचे नियमही थांबत नाहीत. घामाने शरीरातलं पाणी आणि मीठ गेलं किंवा आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामकं घेतली, तर रक्तातली लिथियमची पातळी चढते. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात गोळ्या उतरवत असाल तर हे लक्षात ठेवा. गॅल्कानेझुमॅब हे महिन्याला घ्यायचं इंजेक्शन अमेरिकेत २०१९ साली फेऱ्यांच्या क्लस्टरसाठी मंजूर झालं. ते शरीरातून मुळातच हळूहळू जातं, त्यामुळे त्याला पायऱ्या लागत नाहीत.

दोन-तीन औषधं एकत्र चालू असतील, तर एका वेळी एकच कमी करावं. साधारणपणे स्टेरॉइड पहिलं जातं आणि मुख्य आधार असलेलं औषध शेवटी. दोन्ही एकदम कमी केली आणि झटका आला, तर कशामुळे आला हे कुणालाच सांगता येत नाही.

मध्येच झटका आला तर

गोळ्या उतरताना डोळ्यामागे हलकं दडपण किंवा पुसटशी कळ जाणवू शकते. ती डायरीत लिहा आणि पुढची पायरी लांबवा. मात्र ओळखीचा, पूर्ण झटका परत आला, तर फेरा अजून संपलेला नाही. डॉक्टरांना कळवून, ज्या डोसवर शांत होतात त्या डोसवर परत जायचं आणि शांततेचे आठवडे पुन्हा पहिल्यापासून मोजायचे. तुमचं काही चुकलं, असा त्याचा अर्थ नाही.

ज्यांना वर्षभरात तीन महिन्यांचीही सुटका मिळत नाही, त्यांच्या आजाराला जुनाट क्लस्टर म्हणतात. त्यांना फेरा संपण्याची वाट पाहता येत नाही. तरीही चांगला काळ लांबला की डॉक्टरांच्या देखरेखीखाली डोस थोडा कमी करून पाहणं योग्य असतं, कारण जुनाट क्लस्टर पुन्हा फेऱ्यांवर येऊ शकतं.

हा आजार माणसाला आतून हादरवतो. सुटलो असं वाटत असतानाच झटका आला की जगणं नको वाटू शकतं. तसे विचार मनात आले तर घरच्यांना लगेच सांगा, किंवा केंद्र सरकारच्या टेली-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करा. तिथे मराठीतही बोलता येतं.

उरलेल्या गोळ्यांचं काय?

पुढचा फेरा दोन वर्षांनी येईल आणि कपाटात जुनी पट्टी सापडेल. मागच्या वेळी ४८० मिलिग्रॅमने गुण आला होता, म्हणून पहिल्याच दिवशी तेवढं घेऊ नका. मधल्या काळात वय वाढलेलं असतं, हृदय बदललेलं असू शकतं, रक्तदाबासाठी बीटा-ब्लॉकर सुरू झालेलं असू शकतं, आणि त्यासोबत व्हेरापामिल घेतल्यास नाडी धोकादायक मंदावते. प्रत्येक फेऱ्याची सुरुवात नव्या ईसीजीने आणि कमी डोसनेच व्हायला हवी.

म्हणून औषध सुरू होतं त्या पहिल्याच भेटीत डॉक्टरांना तीन प्रश्न विचारा: किती शांत आठवड्यांनी कमी करायचं, कोणत्या पायऱ्यांनी, आणि मध्येच झटका आला तर कुठे थांबायचं? उत्तरं चिठ्ठीवर लिहून घ्या. थांबण्याची योजना हा उपचाराचाच भाग आहे आणि ती मागण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

पुढच्या आठवड्यात : घरी ऑक्सिजन कसा वापरायचा, आणि मिनिटाला ५ लिटर देणारं कॉन्सन्ट्रेटर या आजाराला अपुरं का पडतं.