घडीचा कलमचाकू : मूठ, पाते आणि हाताची सोय

फळझाडांची कलमे करताना खुंट जोमदार असावा, कलमकाडी निरोगी असावी व बांधणी घट्ट असावी, याविषयी शेतकऱ्यांना वेळोवेळी सांगितले जाते. परंतु ज्या हत्याराने हे सर्व साधावयाचे, त्या चाकूच्या निवडीकडे तितके लक्ष दिले जात नाही. साध्या चाकूपासून काही हजार रुपये किमतीच्या परदेशी चाकूपर्यंत अनेक प्रकार आज मिळतात. चाकू महाग असला म्हणजे तो चांगला असलाच पाहिजे, अशी एक समजूत आहे. आणि कापायचेच तर कोणताही चाकू चालतो, अशी दुसरी. या दोन्ही समजुती नुकसानकारक आहेत. महाराष्ट्रात १९९० साली रोजगार हमी योजनेशी फळबाग लागवडीची सांगड घालण्यात आली, तेव्हापासून कलमांची मागणी पुष्कळ वाढली आणि कलमे बांधणे हा अनेक कुटुंबांचा व्यवसाय झाला. अशा कारागिराने चाकू कोणत्या कसोट्यांवर पारखावा, याचे विवेचन येथे केले आहे.

कलमात चाकूचे काम

झाडाची साल व आतील लाकूड यांच्यामध्ये वाढीचा एक पातळ थर असतो. खुंटाचा हा थर व कलमकाडीचा हा थर एकमेकांस भिडले, तरच कलम सांधते. याकरिता काप सपाट, गुळगुळीत व शक्यतो एका ओढीचा असावा लागतो. काप लहरी पडला, तर दोन पृष्ठभागांमध्ये पोकळी राहते. तेथे पाणी शिरते, बुरशी वाढते आणि कलम सुकते.

आंब्याच्या कोय कलमात खुंटाचा शेंडा कापणे, खुंटास उभी चीर देणे आणि कलमकाडीच्या दोन्ही बाजू तासून पाचर करणे, असे निदान चार काप घ्यावे लागतात. दिवसाला २०० कलमे बांधणाऱ्या माणसाच्या हातून याप्रमाणे ८०० काप होतात. पहिले पन्नास काप कोणत्याही धारदार चाकूने चांगले येतील. सातशेवा काप मात्र हात थकलेला नसेल तरच सरळ येईल. म्हणून मुठीची सोय ही चैनीची बाब नसून कलमांच्या यशाशी तिचा थेट संबंध आहे.

मूठ

मूठ तळहाताच्या रुंदीपेक्षा थोडी लांब असावी. ती आखूड असल्यास तिचे टोक तळव्याच्या मध्यभागी रुतते व काही वेळाने तेथे फोड येतो. मूठ फार बारीक असेल, तर ती घट्ट आवळून धरावी लागते आणि बोटे लवकर आखडतात. ती फार जाड असल्यास पात्यावरचा ताबा सुटतो. रोपवाटिकेत काम करणाऱ्या अनेक स्त्रियांचा हात लहान असतो. पुरुषांच्या हाताला बसणारा चाकू त्यांना तसाच देणे योग्य नाही.

मुठीच्या कडा गोलसर असाव्यात. रिव्हेटांची डोकी पृष्ठभागाशी सपाट असावीत. ती नखाला लागत असतील, तर दिवसअखेर हातालाही लागतील. डोळे भरण्याच्या चाकूस साल उचलण्यासाठी एक बोथट जीभ असते. काही नमुन्यांत ती मुठीच्या टोकाशी, तर काहींत पात्याच्या पाठीवर असते. टोकाशी असलेली जीभ डोळे भरताना सोयीची पडते. पण त्याच चाकूने पाचर कलमे बांधू लागल्यास ती तळव्यात टोचण्याचा संभव असतो. दोन्ही कामे मोठ्या प्रमाणावर करणाऱ्याने दोन वेगळे चाकू ठेवणे श्रेयस्कर.

वजन व तोल

अमेरिकेतील बक कंपनीचा ‘११०’ क्रमांकाचा चाकू १९६४ साली निघाला व जगभर नावाजला गेला. त्याच्या मुठीच्या दोन्ही टोकांना पितळ असून वजन सुमारे २०० ग्रॅम आहे. फ्रान्सच्या सावोय प्रांतात जोसेफ ओपिनेल याने १८९० च्या सुमारास घडविलेल्या चाकूच्या ‘८’ क्रमांकाच्या नमुन्याचे पाते ८.५ सेंटिमीटर लांब असते. वजन मात्र सुमारे ४५ ग्रॅम. पाती लांबीने जवळजवळ सारखीच, तरी वजनात चौपटीहून अधिक अंतर आहे. जड चाकू हाती घेताच भक्कम वाटतो. शिकारीत किंवा जाड काम करताना त्या वजनाचा उपयोगही होतो. कलमे बांधताना तेच वजन मनगटावर दिवसभर पडते.

तोलही पाहावा. उघडलेला चाकू तर्जनीवर आडवा ठेवल्यास पाते व मूठ यांच्या सांध्याच्या आसपास, किंवा किंचित मुठीकडे, तोलला जावा. पाते खाली झुकत असेल, तर ते सावरण्यात अंगठा नाहक शिणतो.

उघडमीट व खटका

घडीच्या चाकूने होणाऱ्या इजा पुष्कळदा पाते अचानक मिटल्याने होतात. म्हणून पाते उघडे कसे राहते, हे नीट समजून घ्यावे. साध्या चाकूत पाठीमागची स्प्रिंगपट्टी केवळ दाबाने पाते धरते. कापताना जोर धारेच्या दिशेने असेपर्यंत ते सुरक्षित असते. टोकाने भोक पाडू गेल्यास मात्र ते बोटांवर मिटते. बक ११० मध्ये पाठीचा खटका पात्याच्या खाचेत बसतो व तो दाबल्याशिवाय पाते मिटत नाही. ओपिनेलच्या चाकूस १९५५ पासून फिरते कडे बसविले जाऊ लागले. ते फिरविले की पाते अडकून राहते. रचना इतकी साधी आहे की बिघडण्यासारखे तीत फारसे काही नाही. मात्र कडे फिरविण्यास दोन्ही हात लागतात.

अलीकडच्या उंची चाकूंत मुठीच्या धातूच्याच एका पट्टीची अडकण केलेली असते. क्रिस रीव्ह या कारागिराचा ‘सेबेन्झा’ हा टायटॅनियमच्या मुठीचा चाकू या रचनेमुळे प्रसिद्ध झाला. ‘सेबेन्झा’ या झुलू शब्दाचा अर्थ ‘काम’ असा आहे. टायटॅनियम पोलादाच्या मानाने बरेच हलके असते व गंजत नाही. पाते अंगठ्याने एका हातात उघडता येते, ही सोय दुसऱ्या हातात फांदी धरणाऱ्यास मोलाची आहे. परंतु अशा चाकूंचे पाते सर्वसाधारण कापाकापीसाठी दोन्ही बाजूंनी उतार देऊन धारेस आणलेले असते. खटका कितीही उत्तम असला, तरी कलमाचा सपाट काप त्याने सहज येत नाही. उंची खिशातील चाकू आणि उत्तम कलमचाकू यांतील खरा भेद येथे आहे.

एकबाजू धार

खास कलमचाकूची धार बहुधा एकाच बाजूने काढलेली असते. पात्याची एक बाजू पूर्ण सपाट व दुसरी उताराची असते. सपाट बाजू कलमकाडीच्या राखावयाच्या भागाला टेकते आणि उतार काढून टाकावयाच्या ढलपीकडे राहतो. त्यामुळे पाते भरकटत नाही. सुताराची पटाशी याच तत्त्वावर चालते.

जर्मनीतील रॉयटलिंगेन येथील टिना कंपनीचे कलमचाकू या प्रकारात नामांकित आहेत. त्यांना कार्बन पोलादाचे एकबाजू धारेचे पाते व अक्रोडाच्या लाकडाची मूठ असते. खटका नसतो, स्प्रिंगपट्टीवरच भिस्त असते, कारण कलमाच्या कामात जोर नेहमी धारेच्या दिशेने पडतो. स्वित्झर्लंडमधील व्हिक्टोरिनॉक्स ही कंपनी १८८४ साली स्थापन झालेल्या कारखान्यातून पुढे आली. तिच्या बागकामाच्या अनेक चाकूंस न गंजणाऱ्या पोलादाचे पाते व नायलॉनची मूठ असते. असा चाकू हलका असतो व धुण्यास सोपा जातो. हाताला मात्र लाकडाइतका ऊबदार लागत नाही.

एकबाजू धारेचा चाकू घेताना डावखुऱ्या माणसाने विशेष दक्षता घ्यावी. उजव्या हातासाठी केलेला चाकू डाव्या हातात धरला, की उतार कलमकाडीकडे येतो व पाते भरकटते. पुष्कळ डावखुऱ्यांच्या हातची कलमे या कारणाने बिघडतात आणि दोष मात्र त्यांच्या कौशल्याला दिला जातो. डाव्या हातासाठी उलट उताराचे चाकू मिळतात. टिना कंपनीही ते तयार करते.

पाऊस, चीक आणि रोग

कोकणात आंब्याची कोय कलमे पावसाळ्यात बांधली जातात. हात ओले, हवा दमट आणि आंब्याचा चीक चिकट व दाहक. कार्बन पोलादाचे पाते अशा वेळी लवकर काळे पडते व न पुसल्यास गंजते. न गंजणाऱ्या पोलादात क्रोमियमचे प्रमाण निदान साडेदहा टक्के असल्याने ते अधिक टिकते. कार्बन पोलादाचा गुण असा की, साध्या दगडावर त्याला लवकर व अतिशय बारीक धार येते. लाकडी मुठीची एक अडचण ध्यानात ठेवावी. ओपिनेलसारख्या चाकूत पाते थेट लाकडाच्या खाचेत मिटते. ओलाव्याने लाकूड फुगले, की ते बाहेर निघेनासे होते. सावोयमधील लोक अशा वेळी मुठीचे टोक टणक जागी हलकेच आपटून पाते सैल करतात. मूठ कोरडी ठेवून तिला अधूनमधून जवसाचे तेल लावल्यास ही अडचण कमी होते.

संत्रा-मोसंबीचे डोळे भरणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट पाहावी. एक्झोकॉर्टिस हा रोग एका झाडावरून दुसऱ्या झाडावर चाकूच्या पात्याने पसरतो, आणि विदर्भात खुंट म्हणून वापरले जाणारे रंगपूर लाइम या रोगास बळी पडते. रोगट मातृवृक्षावर वापरलेला चाकू न धुता पुढे चालविल्यास बाधा पुढच्या रोपांतही जाते व बाग उभी राहिल्यावर तिचा परिणाम दिसतो. स्पिरिटने पुसून हा रोगकारक नष्ट होत नाही. सोडियम हायपोक्लोराइटच्या एक टक्का द्रावणात पाते बुडवावे व नंतर स्वच्छ पाण्याने धुऊन पुसावे. हे द्रावण कार्बन पोलाद व पितळ खाते. म्हणून लिंबूवर्गीय रोपवाटिकेत न गंजणाऱ्या पोलादाचा चाकू अधिक सोयीचा ठरतो. पाते ज्योतीवर तापवू नये; त्याने पोलादाचे पाणी उतरते व धार टिकत नाही.

चाकू घेण्यापूर्वीची परीक्षा

१. चाकू मिटून खिशात व उघडून हातात धरून पाहावा. कोठेही कड टोचू नये.

२. उघडलेले पाते दोन बोटांत धरून आडवे हलवावे. सांध्यात खुळखुळ असल्यास चाकू घेऊ नये.

३. हात ओला करून चाकू तीनदा उघडावा व मिटावा. नखाची खाच निसटत असेल, तर पावसाळ्यात तो त्रासदायक ठरेल.

४. पेन्सिलीएवढ्या जाडीच्या हिरव्या काडीवर एकापाठोपाठ वीस काप घ्यावेत. नंतर तळहात पाहावा. जेथे लाली आली असेल, तेथे पुढे फोड येईल.

५. दोन काड्यांचे ४ ते ५ सेंटिमीटर लांबीचे काप एकमेकांवर बसवून उजेडासमोर धरावेत. मधून उजेड दिसला नाही, तर पाते व हात यांचा मेळ बसला असे समजावे.

निगा

एकबाजू धारेचे पाते निसण्यावर घासताना केवळ उताराची बाजू घासावी. दुसऱ्या बाजूस पोलादाची बारीक कोर उठली, म्हणजे सपाट बाजू दगडावर पूर्ण टेकवून एक-दोनदाच फिरवावी. सपाट बाजूस थोडाही उतार दिल्यास कलमचाकूचा गुण नाहीसा होतो. त्यानंतर चामड्याच्या पट्ट्यावर पाते ओढावे. काम संपल्यावर चीक पुसावा, पाते कोरडे करावे, सांध्यात तेलाचा एक थेंब सोडावा. कलमचाकूने सुतळी, तार अथवा प्लॅस्टिकची पोती कापू नयेत. त्यासाठी दुसरा चाकू जवळ ठेवावा.

चाकू परदेशी असो की गावच्या लोहाराने घडविलेला, वर दिलेली परीक्षा सर्वांस सारखीच लागू आहे. सपाट पात्याचा, धार धरणारा व हाताला बसणारा देशी चाकू हा न पेलणाऱ्या महाग चाकूपेक्षा अधिक कलमे यशस्वी करील. मात्र ज्याचा उदरनिर्वाह कलमांवर आहे, त्याने उत्तम चाकूवर केलेला खर्च वाया जात नाही; नीट निगा राखल्यास तो अनेक वर्षे साथ देतो. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी कलमांच्या प्रात्यक्षिकास दोन-तीन प्रकारचे चाकू सोबत न्यावेत, डावखुऱ्यांची आवर्जून चौकशी करावी आणि प्रत्येकास स्वतः वीस काप घेऊ द्यावेत. कोणता चाकू योग्य, हे ज्याचे त्याने आपल्या तळहातावरून ठरवावे.