थंडीत गाडीवर निघताय? स्वेटर वाढवण्याआधी वारा अडवा

निफाड : डिसेंबर-जानेवारीत निफाड तालुक्यात पारा खाली आला की बातमी राज्यभर जाते. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात ५-६ अंशांची नोंद अनेकदा होते. द्राक्षबागायतदार बागेत शेकोट्या पेटवतात. पण त्याच पहाटे दूधवाले, भाजीपाला घेऊन बाजार समितीला जाणारे शेतकरी आणि पहिल्या पाळीचे कामगार मोटारसायकलवर निघालेले असतात. अंगात दोन-दोन स्वेटर असूनही अर्ध्या तासात त्यांची बोटं बधिर होतात. असं का होतं आणि त्यावर काय करता येतं, ते समजून घेऊ.

थंडी तेवढीच, गारठा जास्त

आपल्या अंगाभोवती गरम हवेचा पातळ थर असतो. उभ्या माणसाचा हा थर टिकतो. गाडी पळायला लागली की समोरचा वारा तो थर सतत उडवून नेतो आणि शरीराला पुन्हा पुन्हा ऊब तयार करावी लागते. वाऱ्यामुळे जाणवणारा गारठा मोजायचं एक सूत्र आहे. त्यानुसार हवा १० अंश आणि गाडीचा वेग ताशी ५० किलोमीटर असेल तर उघड्या चेहऱ्याला साधारण साडेपाच अंशांसारखी थंडी वाजते. हवाच ६ अंश असेल तर त्याच वेगाला शून्यासारखी.

स्वेटर इथं कमी पडतो, कारण तो विणलेला असतो. घरात, ओट्यावर तो छान काम करतो. गाडीवर मात्र त्याच्या छिद्रांतून वारा आरपार जातो. एकावर एक तीन स्वेटर घालण्यापेक्षा एक स्वेटर आणि त्यावर वारा न शिरणारं कापड, हे जास्त उबदार.

घरातल्याच वस्तू कामाला येतात

पावसाळ्यात वापरलेला रेनकोट माळ्यावर टाकू नका. स्वेटरवर रेनकोट घातला की वारा तिथंच अडतो. रेनकोट नसेल तर जर्किन उलटं घाला, म्हणजे चेन पाठीकडे येईल आणि छातीवर फट राहणार नाही. छातीवर जर्किनच्या आत वर्तमानपत्राची चार-सहा पानं सरकवली तरी फरक पडतो. कागदाच्या घड्यांत हवा अडकते आणि बाहेरचा वारा आत येत नाही.

आतला कपडा कोरडा पाहिजे. गोठ्यातलं काम करून घामाने भिजलेल्या बनियनवरच गाडीला किक मारू नका. ओला कपडा अंगातली ऊब झपाट्याने ओढतो. बनियन बदलायला दोन मिनिटं लागतात.

मफलर गळ्याभोवती गुंडाळा, पण दोन्ही टोकं जर्किनच्या आत खोचा. मागे बसलेल्या बाईमाणसांनी पदर, ओढणी आणि शालीची टोकं नीट आवरून घ्यावीत. चाकात किंवा चेनमध्ये कापड अडकून जीवघेणे अपघात होतात.

बोटं बधिर झाली तर ब्रेक उशिरा लागतो

गारठा वाढला की शरीर काळीज, फुप्फुसं असे आतले अवयव जपतं आणि हातापायांकडचं रक्त कमी करतं. म्हणून आधी बोटं जातात. पण ब्रेक आणि क्लच त्याच बोटांनी दाबायचा असतो. ताशी ५० ने गाडी एका सेकंदात जवळपास १४ मीटर पुढे जाते. बधिर बोटांमुळे ब्रेक अर्धा सेकंद उशिरा लागला तर ७ मीटर जास्त गेले.

लोकरीच्या हातमोज्यांतून वारा शिरतो. त्यांच्यावर रेक्झिनचे किंवा रबरी मोजे घाला. फार जाड मोजे नकोत, लिव्हर हाताला नीट समजला पाहिजे. हँडलला लावायची कव्हरं मिळतात, तीही चांगली. फक्त ती लिव्हरमध्ये अडकत नाहीत ना, हे गाडी उभी असताना पाहून घ्या.

बोटं गारठलीच तर गाडी बाजूला घ्या आणि हात काखेत धरा. सायलेन्सरला हात लावू नका. बधिर हात एकदम शेकोटीजवळही नेऊ नका, चटका बसलेला कळत नाही.

वारा थकवतो

लांब पल्ल्यावर मान, खांदे आणि मनगटं दुखतात, त्यात वाऱ्याच्या रेट्याचा मोठा वाटा असतो. हा रेटा वेगाच्या वर्गाने वाढतो. ४० ऐवजी ६० ने गेलं की तो सव्वादोन पट होतो. ३० किलोमीटरच्या वाटेला ४० च्या वेगाने १५ मिनिटं जास्त लागतात, पण गारठा आणि थकवा दोन्ही कमी.

ढगळ जर्किन फडफडतं आणि माणसाला मागे ओढतं. कमरेला पट्टा किंवा उपरणं बांधा. गुडघे टाकीला टेकवा, हँडल घट्ट आवळू नका. मुंबई-आग्रा महामार्गावर ट्रक शेजारून गेला की हवेचा धक्का बसतो, दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन असले की तो जास्त जाणवतो. ट्रकपासून अंतर ठेवा.

आयएसआय शिक्क्याचं, पुढची काच असलेलं हेल्मेट डोळ्यांतलं पाणी थांबवतं आणि कानही झाकतं. काचेवर वाफ धरली तर ती बोटभर उघडी ठेवा. आत जाड कानटोपी घातली तर हेल्मेट नीट बसत नाही, पातळ सुती रुमाल पुरतो. लहान मुलाला टाकीवर पुढे बसवू नका, सगळा वारा त्याच्या अंगावर येतो. चार वर्षांखालचं मूल सोबत असेल तर सेफ्टी बेल्ट, हेल्मेट आणि ताशी ४० ची मर्यादा, असा केंद्राचा नियम आहे.

कधी थांबायचं?

दर अर्ध्या-पाऊण तासाला पाच मिनिटं उतरा, चाला, चहा घ्या. दारूने ऊब येते हा गैरसमज आहे. तिच्यामुळे कातडीकडे रक्त जातं, गरम वाटतं, पण शरीर आतून आणखी गार होतं.

अंग थडथडायला लागलं की पुढचं गाव गाठायची घाई करू नका, आडोशाला थांबा. बोलणं अडखळत असेल, माणूस गोंधळल्यासारखा करत असेल किंवा ऊब न मिळताच थडथडणं थांबलं असेल तर धोका मोठा आहे. ओले कपडे काढून त्याला घोंगडीत गुंडाळा आणि १०८ ला फोन करा. तोवर त्याच्या हाती पुन्हा गाडी देऊ नका.