फिक्स्ड गिअरची सायकल आणि डोंगरवाट



आपल्या सीमाभागात सायकल ही काही नवलाईची वस्तू नाही. कर्नाटक सरकारने २००६-०७ साली आठवीच्या मुलींसाठी आणि पुढे मुलांसाठीही सायकलींची योजना सुरू केली. तीतून अनेक घरांत पहिली सायकल आली. पण रोज जी सायकल आपण चालवतो, तिच्या मागच्या चाकात काय दडले आहे, याचा विचार सहसा कोणी करत नाही.

सायकल स्टँडवर उभी करून पायडल उलटे फिरवून पाहा. टिकटिक आवाज येतो, पण चाक मागे फिरत नाही. याचे कारण फ्रीव्हील. त्याच्या आत लहान खिट्ट्या आणि दाते असतात. पायडल पुढे मारले की खिट्ट्या दात्यांत अडकतात आणि चाक फिरते. पायडल थांबवले की खिट्ट्या दात्यांवरून घसरत जातात आणि चाक आपल्या गतीने फिरत राहते. म्हणूनच उतारावर आपण पाय स्थिर ठेवून आरामात बसू शकतो.

फिक्स्ड गिअरच्या सायकलीला फ्रीव्हील नसते. मागची दातेरी चकती चाकाला पक्की जोडलेली असते. चाक फिरते तोवर पायडल फिरणारच. लहान मुलांची तीनचाकी आठवा. तिचे पायडल पुढच्या चाकालाच जोडलेले असते. उतार आला की ते भराभर फिरू लागते आणि पोर पाय वर उचलून घेते. तत्त्व तेच!

सुरुवातीच्या पायडलच्या बहुतेक सायकली अशाच होत्या. थॉमस स्टीव्हन्स या प्रवाशाने १८८४ ते १८८६ या काळात उंच चाकाच्या सायकलीवरून जगप्रवास केला. त्याच्या सायकलीचे पायडलही थेट पुढच्या चाकालाच होते. अमेरिकेत रस्ता नसेल तिथे तो सायकल ढकलत गेला. १८८६ मध्ये लाहोरहून कलकत्त्यापर्यंत तो आपल्या देशातही आला होता. पुढे १९०० च्या सुमारास फ्रीव्हील सर्वत्र रूढ झाले. फिक्स्ड गिअर उरला तो मुख्यतः वेलोड्रोमवर, म्हणजे वळणावर कडा उंच असलेल्या शर्यतीच्या गोल मार्गावर. आपल्या शेजारच्या विजापूर-बागलकोट भागाने राज्याला अनेक चांगले सायकलपटू दिले. त्यांच्यापैकी जे ट्रॅकवर उतरतात, त्यांची सायकल फिक्स्ड गिअरचीच असते आणि तिला ब्रेक नसतो. तिथे सगळे एकाच दिशेने जातात आणि कोणालाच एकदम थांबता येत नाही, म्हणून ते चालते.

परदेशातील काही हौशी मंडळी मात्र ही सायकल डोंगरवाटेवर नेतात. ते अवघड का आहे, हे थोड्या गणिताने कळेल. समजा पुढे ३२ आणि मागे १८ दाते आहेत. पायडलाच्या एका फेरीत मागचे चाक सुमारे १.७८ वेळा फिरते. २६ इंची चाकाचा घेर सुमारे २.०५ मीटर धरला, तर एका फेरीत सायकल ३.६ मीटर पुढे जाते. चढावर ताशी ८ किलोमीटर वेग असेल, तर मिनिटाला ३७ फेऱ्या पुरतात. उतारावर वेग ताशी ३० झाला की त्याच पायांना मिनिटाला जवळजवळ १४० फेऱ्या माराव्या लागतात! गिअर बदलता येत नाही आणि पाय थांबवता येत नाहीत.

दुसरी अडचण दगडांची. बीदरच्या पठारावरून मांजरा नदीच्या खोऱ्याकडे उतरणाऱ्या वाटांवर जांभ्या दगडाचे उंचवटे आणि सुटा मुरूम असतो. साध्या सायकलवर आपण दोन्ही पायडल सपाट धरून दगड ओलांडतो. फिक्स्ड गिअरवर एक पायडल खाली येणारच आणि ते दगडावर आपटले की तोल गेला. म्हणून हे लोक १७५ ऐवजी १६५ मिलिमीटरचे आखूड क्रँक लावतात. त्यामुळे एक सेंटिमीटर जागा जास्त मिळते. दगड येण्याआधीच पायाची वेळ साधण्यासाठी नजर सतत पुढच्या वाटेवर ठेवावी लागते.

मग एवढा खटाटोप कशासाठी? पायांना वाट कळते म्हणून. मागचे चाक कुठे घसरते आहे, हे लगेच पायडलातून जाणवते. पायाने उलटा दाब देऊन वेग हळूहळू कमी करता येतो. शिवाय गिअर बदलणारी नाजूक यंत्रणा नसल्यामुळे चिखलात बिघडण्यासारखे भाग कमी. अर्थात आपल्या काळ्या मातीपुढे कोणाचेच चालत नाही. पावसाळ्यात ती टायर आणि मडगार्डमध्ये अशी बसते की सायकल खांद्यावर घ्यावी लागते.

आता सर्वांत महत्त्वाचे. हे वाचून कोणी फ्रीव्हील वेल्डिंग करून घेऊ नये किंवा ब्रेक काढू नये. पायाने फक्त मागचे चाक अडते. वेग कमी होताना भार पुढे जातो, मागचे चाक हलके होते आणि मुरमावर घसरते. म्हणून डोंगरवाटेवर पुढचा ब्रेक हवाच. फिक्स्ड गिअरच्या हबला चकती घट्ट धरणारी, उलट्या आट्याची वेगळी रिंग असते. साध्या हबला ती नसते, त्यामुळे उलटा दाब देताच चकती सुटू शकते. चेन पडून अडकली तर मागचे चाक जागीच जाम होते. आणि अशा सायकलीचे चाक फिरत असताना चेन कधीही फडक्याने पुसू नये. बोट दात्यांत गेले, तर चाक थांबेपर्यंत चेन थांबत नाही.

फिक्स्ड गिअर न घेताही त्यातला धडा घेता येतो. मोकळ्या, सपाट वाटेवर दोन्ही ब्रेक नीट तपासून घ्या आणि एक किलोमीटर पायडल न थांबवता, एकसारख्या गतीने चालवून पाहा. वळण आणि खड्डा आधीच हेरावा लागतो, हे तुमच्या लक्षात येईल. सायकल चालवण्यात पायांइतकेच काम डोळ्यांचे असते.