कोल्हापुरातील परसबागा

परसबाग म्हणजे घराच्या मागील किंवा बाजूच्या मोकळ्या जागेत घरच्या वापरासाठी भाजीपाला, फळझाडे, औषधी वनस्पती व फुलझाडे लावून केलेली बाग होय. कोल्हापूर शहरात व परिसरात जुन्या घरांची परसे, बंगल्यांभोवतालची मोकळी जागा आणि अलीकडे इमारतींच्या गच्च्या अशा तीन ठिकाणी परसबागा आढळतात. यांपैकी अनेक बागांत रासायनिक खते व कीटकनाशके टाळून सेंद्रिय पद्धतीने लागवड केली जाते. परसबागेमुळे कुटुंबाला ताजे अन्न मिळते, तसेच घराचे मोलही वाढते असे मानले जाते. या दुसऱ्या समजुतीत तथ्य किती, याचा विचार प्रस्तुत लेखात शेवटी केला आहे.

शब्द व पार्श्वभूमी

‘परस’ म्हणजे घराची मागील मोकळी जागा. ‘परसदार’ हा शब्दही त्याच अर्थाने रूढ असून कोकणात आणि कोल्हापूर परिसराच्या बोलीत अशा जागेला ‘परडे’ म्हणतात. शौचास जाणे या अर्थी ‘परसाकडे जाणे’ असा वाक्प्रचार मराठीत आहे. त्यावरून परस ही केवळ बागेची जागा नव्हती, तर घरातील सांडपाणी, राख, शेण व केरकचरा जिरवण्याचीही जागा होती, हे लक्षात येते. न्हाणीच्या पाण्यावर अळू, केळ व कर्दळ वाढत असे. घराने टाकलेले परसाने घ्यावे आणि अन्नाच्या रूपाने परत द्यावे, अशी ही व्यवस्था होती. तिला ‘सेंद्रिय’ हे नाव मात्र फार पुढे मिळाले.

आज हे सांडपाणी जसेच्या तसे वापरता येत नाही. कपडे धुण्याच्या पावडरींतील क्षारांमुळे माती कडक होते व पिकांची वाढ खुंटते. भाज्या, डाळ-तांदूळ धुतलेले पाणी मात्र थेट देता येते.

दाभोळकर व प्रयोग परिवार

लहान जागेतील शेतीच्या विचारात कोल्हापूरचे नाव श्री. अ. दाभोळकर यांच्यामुळे महत्त्वाचे ठरले. गणिताचे प्राध्यापक असलेल्या दाभोळकरांनी गारगोटीच्या मौनी विद्यापीठात अध्यापन केले. शेतकऱ्यांनी स्वतः प्रयोग करावेत, निरीक्षणे नोंदवावीत आणि ती एकमेकांना कळवावीत, या कल्पनेतून त्यांनी ‘प्रयोग परिवार’ उभा केला. द्राक्ष बागायतदारांमध्ये या कार्याचा विशेष प्रभाव पडला. ‘प्लेन्टी फॉर ऑल’ या इंग्रजी ग्रंथात त्यांनी आपले विचार मांडले आहेत.

पाच जणांच्या कुटुंबाच्या गरजा दहा गुंठे, म्हणजे पाव एकर जमिनीतून भागू शकतात, हे त्यांचे प्रतिपादन प्रसिद्ध आहे. पीक जमिनीच्या क्षेत्रफळावर नव्हे, तर सूर्यप्रकाश घेणाऱ्या पानांच्या क्षेत्रफळावर अवलंबून असते, हा त्यामागील मुख्य मुद्दा होय. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. शहरातील परस बहुधा यापेक्षाही लहान असते. म्हणून घराची संपूर्ण गरज भागवण्याऐवजी पालेभाज्या, मिरची, लिंबू, कढीपत्ता आणि हंगामी फळभाज्या मिळवणे एवढेच उद्दिष्ट ठेवणे व्यवहार्य ठरते.

हवामान व माती

कोल्हापूर शहरात वर्षाला सुमारे १,००० मिलिमीटर पाऊस पडतो व त्यातील बहुतांश जून ते सप्टेंबर या काळात येतो. या हिशेबाने १०० चौरस मीटर छपरावर वर्षभरात सुमारे एक लाख लिटर पाणी पडते. पावसाळ्यात पाण्याचा निचरा आणि उन्हाळ्यात पाण्याचा पुरवठा, या परसबागेच्या दोन परस्परविरुद्ध गरजा आहेत. जिल्ह्याच्या पश्चिमेकडे तांबडी व जांभ्याची माती, तर पूर्वेकडे व नदीकाठी काळी माती आढळते. काळ्या मातीत पाणी साचून मुळे कुजण्याचा धोका असल्याने वाफे जमिनीपासून सुमारे एक वीत उंच करतात. तांबड्या मातीत पाणी टिकत नाही, म्हणून तेथे आच्छादनाला अधिक महत्त्व असते.

माती तयार करणे

ऊस हे जिल्ह्याचे प्रमुख पीक असल्यामुळे पाचट व गुऱ्हाळावरील चिपाड येथे सहज मिळते. त्याचा वापर आच्छादनासाठी व खतासाठी होतो. मात्र या पदार्थांत कर्ब भरपूर आणि नत्र अत्यल्प असते. न कुजलेले पाचट मातीत मिसळल्यास ते कुजवणारे सूक्ष्मजीव मातीतील नत्र वापरतात आणि रोपे पिवळी पडतात. त्यामुळे पाचटाबरोबर शेण, हिरवा पाला किंवा स्वयंपाकघरातील ओला कचरा मिसळणे आवश्यक असते.

दाभोळकरांच्या विचारपरंपरेतील ‘अमृतमाती’ ही पद्धत परसबागेला सोयीची आहे. तिचे टप्पे पुढीलप्रमाणे:

१. एक किलो ताजे शेण, एक लिटर गोमूत्र व ५० ग्रॅम काळा गूळ १० लिटर पाण्यात मिसळून तीन दिवस ठेवतात व रोज ढवळतात. दहापट पाणी घालून सौम्य केलेल्या या द्रावणाला अमृतजल म्हणतात.

२. वाळलेला पालापाचोळा अमृतजलात एक दिवस भिजवून त्याचे व मातीचे पातळ थर एकावर एक रचतात.

३. सुमारे महिनाभर दर आठवड्याला ढीग वरखाली करतात.

४. नंतर त्यावर विविध प्रकारचे बी पेरून साधारण २१, ४२ व ६३ दिवसांनी टप्प्याटप्प्याने रोपांची कापणी करतात व तो पाला वाळवून पुन्हा ढिगात मिसळतात.

या सर्व प्रक्रियेस चार ते पाच महिने लागतात. विकतच्या मातीपेक्षा ही माती हलकी व भुसभुशीत असते.

हंगाम व पिके

पावसाळ्यात दोडका, कारले, दुधी, काकडी हे वेल तसेच भेंडी, गवार व घेवडा ही पिके घेतात. हिवाळ्यात मेथी, पालक, मुळा, गाजर, टोमॅटो, वांगी व कोबी चांगली येतात. उन्हाळ्यात चवळी, तांदुळजा व अंबाडी कमी पाण्यात तग धरतात. वेलांचे मांडव उत्तरेच्या बाजूला उभारल्यास त्यांची सावली इतर वाफ्यांवर पडत नाही. फळझाडांपैकी लिंबू, पेरू, पपई, केळ व कढीपत्ता लहान जागेत सामावतात. शेवगा भरभर वाढतो, परंतु त्याच्या फांद्या ठिसूळ असल्याने तो छपरापासून दूर लावावा लागतो.

कीड नियंत्रणासाठी निंबोळी अर्क प्रचलित आहे. ५० ग्रॅम निंबोळी गराची पूड एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवून, गाळून व त्यात थोडे साबणाचे पाणी मिसळून संध्याकाळी फवारतात. एकाच वाफ्यात दरवर्षी तेच पीक न घेणे हा उपायही तितकाच उपयुक्त आहे.

गच्चीवरील बाग

गच्चीवर लागवड करताना वजनाचा विचार सर्वप्रथम करावा लागतो. वापरात असलेल्या गच्चीसाठी भारतीय मानकानुसार दर चौरस मीटरला सुमारे १५० किलो चल भार गृहीत धरला जातो. ओल्या मातीच्या ३० सेंटिमीटर जाडीच्या थराचे वजन तेवढ्याच जागेत ५०० किलोंच्या आसपास भरते. त्यामुळे सबंध गच्चीवर माती पसरणे धोक्याचे ठरते. कुंड्या तुळया व भिंती यांच्या वर ठेवणे, पालापाचोळा व चिपाड यांपासून केलेले हलके मिश्रण वापरणे आणि कुंड्यांखाली विटा ठेवून पाणी वाहते ठेवणे हे त्यावरील उपाय आहेत. जुन्या इमारतीत बांधकाम अभियंत्याचा सल्ला घेणे आवश्यक असते. मुंबईत रमेश दोशी यांनी गच्चीवरील शेतीत उसाच्या चोथ्याचा वापर केला, तर मुंबई बंदराच्या उपाहारगृहाच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी २००२ मध्ये अशी बाग सुरू केली.

पूर व प्रदूषण

पंचगंगेची धोका पातळी राजाराम बंधाऱ्यापाशी ४३ फूट मानली जाते. २००५, २०१९ व २०२१ या वर्षीच्या महापुरांत शहराचे सखल भाग पाण्याखाली गेले. पुराचे पाणी गाळ आणते म्हणून ते बागेस उपकारक असते, हा समज शहरी पुराला लागू पडत नाही. या पाण्यात मैला, तेल व रसायने मिसळलेली असतात. पुरात बुडालेल्या पालेभाज्या व मऊ सालीची फळे धुऊनही खाण्यायोग्य होत नाहीत, ती काढून टाकावीत. पूर ओसरल्यावर बागेत काम करताना लेप्टोस्पायरोसिसचा धोका असल्याने पायांत गमबूट व हातमोजे घालणे इष्ट असते. त्यानंतर लगेच कच्च्या खाण्याच्या भाज्या लावू नयेत. या संदर्भात अमेरिकेच्या सेंद्रिय मानकांतील कच्च्या शेणखताचा नियम मार्गदर्शक ठरतो. मातीला स्पर्श होणाऱ्या पिकांच्या बाबतीत खत घातल्यापासून काढणीपर्यंत १२० दिवसांचे अंतर त्यात सांगितले आहे.

जुन्या घरांच्या भिंतींलगतच्या मातीत रंगातील शिसे उतरलेले असू शकते. घरगुती रंगांतील शिशावर दशलक्ष भागांत ९० भाग अशी मर्यादा घालणारे नियम भारतात २०१६ मध्ये झाले व २०१७ पासून लागू झाले. त्यापूर्वीचे रंग पोपडे होऊन गळत असतील, तर पालेभाज्या व कंद भिंतीपासून दूर लावणे योग्य ठरते. रसायने न वापरता वाढवलेली भाजी अशा मातीत निर्दोष असेलच असे नाही.

घराच्या मूल्याशी संबंध

घराचे विक्रीमूल्य व उपयोगमूल्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या वार्षिक मूल्य दर तक्त्यांनुसार मुद्रांक शुल्कासाठी मूल्यांकन करताना ठिकाण, वापर, क्षेत्रफळ, बांधकामाचा प्रकार व वय यांचा विचार होतो. भाजीच्या वाफ्यांसाठी त्यात वेगळा आकडा नसतो. याउलट भूमिसंपादनाच्या २०१३ च्या कायद्यातील कलम २९ नुसार जमिनीवरील झाडे व उभी पिके यांचे मूल्य स्वतंत्रपणे ठरवावे लागते.

अमेरिकेतील पोर्टलंड शहरात २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रस्त्याकडेच्या झाडांमुळे घरांची विक्री-किंमत सरासरी ८,८७० डॉलरनी वाढल्याचे आढळले. हा निष्कर्ष सावलीच्या झाडांविषयी असून तो भाजीपाल्याला किंवा कोल्हापूरला तसाच लागू करता येत नाही. जुने घर पाडून इमारत बांधू इच्छिणाऱ्या खरेदीदाराच्या दृष्टीने बागेचे मोल शून्य असू शकते. शहरी भागात झाडे तोडण्यास १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्यानुसार परवानगी लागत असल्याने मोठे झाड त्याला अडचणीचेही वाटते.

राहण्यासाठी घर घेणाऱ्याच्या दृष्टीने मात्र बागेमुळे होणाऱ्या सुधारणा महत्त्वाच्या असतात. पश्चिमेच्या भिंतीवर पडणारी सावली, पाण्याचा योग्य निचरा, पाऊसपाणी साठवण्याची सोय आणि जागेवरच जिरणारा ओला कचरा या त्यांतील प्रमुख होत. भिंतीला टेकवलेले वाफे, गळकी गच्ची किंवा पायाजवळ लावलेला वड-पिंपळ यांमुळे मात्र घराचे मोल घटते.

सद्यस्थिती

जुन्या घरांच्या जागी इमारती उभ्या राहत असल्याने शहरातील परसे कमी होत आहेत. नव्या बांधकामात इमारतीभोवती सोडावे लागणारे सामासिक अंतर बहुधा फरशीखाली जाते व वाहनतळ म्हणून वापरले जाते. फरशी घालणे एका दिवसाचे काम असते, पण तिच्याखाली दबलेली माती पुन्हा सजीव होण्यास अनेक वर्षे लागतात. या नुकसानीची नोंद घराच्या कोणत्याही कागदपत्रात होत नाही. दुसरीकडे, शाळांमधील पोषण बागा आणि ‘उमेद’ अभियानातील ‘माझी पोषण परसबाग’ मोहीम यांमुळे परसबागेचा विषय पुन्हा चर्चेत आला आहे. सामासिक अंतरातील काही भाग फरशीविना राखला, तर पावसाचे पाणी जमिनीत मुरते आणि एखादे लिंबाचे झाड, अळूचे आळे व मेथीचा वाफा यांना पुरेशी जागा मिळते.