माउस अडखळतोय? आधी शेजारचा पोर्ट बघा

लग्नाचे फोटो हार्डडिस्कवरून कॉम्प्युटरवर उतरवायला घेतले, की नेमका तेव्हाच वायरलेस माउस आचके देऊ लागतो. कर्सर मध्येच थबकतो, मग एकदम उडी मारतो. वायरलेस कीबोर्ड असेल तर एखादं अक्षर उमटतच नाही. सेल बदलून होतात, ड्रायव्हर पुन्हा टाकून होतो, शेवटी चांगला माउस अडगळीत जाऊन नवा येतो आणि तोही तसाच वागतो. हा खर्च बहुतेक वेळा टाळता येतो. माउसचा नखाएवढा रिसीव्हर कुठे खोचलाय आणि त्याच्या लगतच्या पोर्टला काय जोडलंय, एवढं आधी पाहायला हवं.

यूएसबी 3.0 पोर्टच्या आतली पट्टी बहुधा निळी असते. त्यातून सेकंदाला 5 अब्ज बिट धावतात. विद्युतदाब इतक्या झपाट्याने वरखाली झाला, की वायरीतून, जोडणीच्या फटीतून, खुद्द हार्डडिस्कमधून रेडिओलहरी गळू लागतात. एक आणि शून्य आळीपाळीने आले तर दोन बिटांचं एक आवर्तन होतं, म्हणजे कंपनसंख्या 2.5 गिगाहर्ट्झ. प्रत्यक्षात डेटा मुद्दाम विस्कटून पाठवतात, त्यामुळे हा गोंगाट एका जागी न राहता दूरवर पसरतो. माउस, ब्लूटूथ आणि घरोघरचे कितीतरी वायफाय राउटर 2.4 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात बोलतात. भारतात 2005 पासून तो विनापरवाना वापरता येतो. गोंगाट नेमका त्याच पट्ट्यात शिरतो. इंटेलने 2012 साली मोजून दाखवलं, की यूएसबी 3.0 हार्डडिस्क जोडल्यावर इथला गोंगाट सुमारे 20 डेसिबलने, म्हणजे शंभर पटीने वाढतो. तो गाळूनही टाकता येत नाही, कारण डेटाला स्वतःलाच त्या लहरींची गरज असते.

ब्लूटूथकडे एरवी यावर उतारा आहे. जुन्या पद्धतीचं ब्लूटूथ 79 वाहिन्यांवर सेकंदाला 1600 उड्या मारतं आणि 2003 मधल्या 1.2 आवृत्तीपासून गर्दीच्या वाहिन्या वगळायलाही शिकलंय. वायफाय पट्ट्याचा एकच तुकडा अडवतं, त्यामुळे त्याला चुकवणं जमतं. यूएसबीचा गोंगाट मात्र सगळ्याच वाहिन्यांवर एकदम बसतो. मग पळायचं तरी कुठे?

खातरजमा सोपी आहे. फाइल उतरत असताना माउस हलवून पाहायचा, काम थांबल्यावर पुन्हा हलवायचा. फरक जाणवला तर हार्डडिस्क दुसऱ्या बाजूच्या पोर्टला लावायची, किंवा रिसीव्हर साध्या यूएसबी एक्स्टेन्शन वायरला जोडून माउसजवळ टेबलावर आणायचा. या वायरीची किंमत किरकोळ असते, पण तिच्यामुळे दुहेरी फायदा होतो: गोंगाट दूर राहतो आणि माउसचा क्षीण संदेश जवळून मिळतो. संदेशाची ताकद अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात घटते, त्यामुळे अंतर निम्मं केलं तर ती साधारण चौपट होते.

टेबलाखाली कॅबिनेट ठेवून मागच्या पोर्टला रिसीव्हर लावलेला असेल, तर हार्डडिस्क नसतानाही हीच वायर उपयोगी पडते. तिथे पत्र्याची पेटी आणि बसणाऱ्याचे पाय दोन्ही आड येतात, आणि पाणी भरलेलं आपलं शरीर 2.4 गिगाहर्ट्झच्या लहरी चांगल्याच शोषून घेतं. एवढं करूनही कर्सर अडखळला, तरच सेल आणि ड्रायव्हरकडे वळावं.