शंभर डॉलरचा विसार

संक्रांतीच्या सुमारास माझ्या एका जुन्या मित्राचा मुलगा घरी आला. तीन पिढ्यांचा धान्याचा व्यापार असलेले हे कुटुंब. 'जय जिनेंद्र, काका' म्हणून तो समोर बसला आणि पिशवीतून एक प्रकल्प अहवाल काढून त्याने माझ्या हाती दिला. विजेवर चालणाऱ्या मालवाहू गाड्यांची एजन्सी घ्यावी आणि त्यासाठी बाजारपेठेतील वडिलोपार्जित गाळा तारण ठेवून कर्ज काढावे, असा त्याचा मनोदय होता. अहवालाच्या पहिल्याच पानावर कंपनीकडे झालेल्या आगाऊ नोंदणीचा आकडा ठळक अक्षरांत छापलेला होता. पुढचे सारे हिशेब त्या एका आकड्याच्या आधारावर उभे होते.

बँकेच्या कर्ज विभागात आयुष्य गेल्यामुळे मला एक सवय जडली आहे. आकडा किती मोठा आहे हे पाहण्याआधी तो कशाचा आहे, हे मी विचारतो. मी त्याला एवढेच विचारले, "यांपैकी किती जणांनी विसार दिला आहे? आणि तो विसार परत मिळणारा आहे की बुडणारा?" त्याच्याजवळ उत्तर नव्हते. तेव्हा मी त्याला अमेरिकेतील विद्युत पिकअप ट्रकची हकिगत सांगितली. आपल्यापैकी अनेक घरांतील तरुण आज अशाच अहवालांवर विचार करीत असतील, म्हणून तीच हकिगत वाचकांपुढे ठेवीत आहे.

दोन लाखांची रांग

पुढे केबिन आणि मागे उघडा हौदा असलेली गाडी म्हणजे पिकअप. अमेरिकेत शेतकरी, गवंडी, नळजोडणी करणारा कारागीर आणि सुखवस्तू कुटुंब, सर्वांच्याच दारात ती उभी असते. फोर्ड कंपनीच्या 'एफ' मालिकेतील गाड्या तेथे वर्षाला सात लाखांहून अधिक खपतात. परदेशी हलक्या ट्रकवर १९६४ पासून २५ टक्के आयातशुल्क असल्यामुळे या बाजारात बाहेरच्या स्वस्त मालाची स्पर्धा फारशी नाही. अमेरिकी मोटार कंपन्यांच्या नफ्याचा मोठा वाटा याच गाडीतून येतो.

अशा बाजारात १९ मे २०२१ रोजी फोर्डने 'एफ-१५० लायटनिंग' हा विजेवर चालणारा पिकअप जाहीर केला. व्यावसायिक उपयोगाच्या सर्वांत साध्या गाडीची किंमत ठेवली ३९,९७४ डॉलर, म्हणजे त्या वेळच्या दराने सुमारे २९ लाख रुपये. नोंदणीसाठी केवळ १०० डॉलर भरायचे होते आणि विचार बदलला तर तेही परत मिळणार होते. वर्ष संपण्यापूर्वी नोंदण्या दोन लाखांच्या घरात गेल्या आणि कंपनीला नोंदणी थांबवावी लागली. वर्षाला दीड लाख गाड्या निघतील इतकी उत्पादनक्षमता उभारण्याचे ठरले.

त्याआधी नोव्हेंबर २०१९ मध्ये टेस्ला कंपनीने 'सायबरट्रक' दाखविला होता. जाहीर केलेली प्रारंभीची किंमत ३९,९०० डॉलर, विसार तोच १०० डॉलर. त्याच्या नोंदण्या दहा लाखांवर गेल्याचे कंपनीचे प्रमुख इलॉन मस्क यांनी सांगितले होते.

किंमत चढली, उतरली, पुन्हा चढली

एप्रिल २०२२ मध्ये डेट्रॉइटजवळच्या डिअरबॉर्न येथील कारखान्यात लायटनिंगचे उत्पादन सुरू झाले आणि किंमतीची शिडी चढू लागली. ऑगस्ट २०२२ मध्ये ४६,९७४ डॉलर, ऑक्टोबरमध्ये ५१,९७४, डिसेंबरमध्ये ५५,९७४ आणि मार्च २०२३ मध्ये ५९,९७४. दोन वर्षे पूर्ण होण्याच्या आत तीच साधी गाडी दीडपट महाग झाली होती.

याची कारणे केवळ लोभाची नव्हती. लायटनिंगच्या लहान बॅटरीची क्षमताच ९८ किलोवॅट-तास आहे. आपल्याकडच्या सामान्य विद्युत मोटारीत त्याच्या निम्म्याहून कमी क्षमतेची बॅटरी पुरते. गाडी जितकी जड, तितकी बॅटरी मोठी, आणि बॅटरी जितकी मोठी, तितका लिथियमचा भाव मालकाच्या मानगुटीवर. २०२२ च्या अखेरीस चीनमध्ये लिथियम कार्बोनेटचा भाव टनाला सुमारे सहा लाख युआनपर्यंत पोहोचला होता. वर्षभरात तो एक लाखाच्या आसपास उतरला. कच्च्या मालाचा भाव असा हेलकावे खात असताना दोन वर्षे आधी जाहीर केलेली किंमत पाळणे कोणालाही कठीण.

परंतु दुसरे एक कारण व्यापाऱ्याने ध्यानात घ्यावे असे आहे. दारात दोन लाखांची रांग दिसत असल्यामुळे, किंमत वाढविली तरी गिऱ्हाईक हलणार नाही, असा समज सर्वत्र पसरला. काही विक्रेत्यांनी तर छापील किमतीवर आणखी हजारो डॉलर उकळले आणि फोर्डच्या प्रमुखांना त्यांना जाहीर तंबी द्यावी लागली.

पहिले गिऱ्हाईक मात्र हौशी असते. नवी वस्तू सर्वांआधी आपल्या दारात यावी, यासाठी ते किंमत पाहत नाही. ते गिऱ्हाईक संपले की पुढचे येते, आणि ते वही-पेन्सिल घेऊन येते. या दुसऱ्या गिऱ्हाइकाने हिशेब मांडला तेव्हा त्याला दिसले की मागे जड ट्रेलर जोडला तर एका चार्जिंगमध्ये गाडी जवळजवळ निम्मेच अंतर कापते. ज्याचा धंदाच ओझे ओढण्याचा, त्याला ही गोष्ट परवडणारी नव्हती. त्यातच अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने मार्च २०२२ मध्ये शून्याजवळ असलेला व्याजदर जुलै २०२३ पर्यंत सव्वापाच ते साडेपाच टक्क्यांवर नेला. गाडी कर्जावर घेणाऱ्याच्या दृष्टीने किंमत म्हणजे महिन्याचा हप्ता. गाडीही महाग आणि पैसाही महाग, असा दुहेरी भार त्याच्यावर पडला.

जुलै २०२३ मध्ये फोर्डने त्या साध्या गाडीची किंमत एका झटक्यात ४९,९९५ डॉलरवर आणली. जानेवारी २०२४ मध्ये तीच पुन्हा ५४,९९५ झाली. चार महिन्यांपूर्वी साठ हजारांना घेतलेली गाडी शेजारी पन्नास हजारांना घेतो, तेव्हा पहिल्या ग्राहकाचे मन दुखावतेच, शिवाय त्याच्या गाडीची पुनर्विक्रीची किंमतही त्याच दिवशी पडते. तारण म्हणून ती गाडी धरणाऱ्या बँकेचीही झोप उडते. जो माल पुढच्या तिमाहीत स्वस्त होईल असे वाटते, तो आज कोणी घेत नाही. किंमत कमी केल्याने मागणी वाढते, हे पाठ्यपुस्तकातील सूत्र खरे आहे. पण किंमत वारंवार हलविल्याने मागणी थांबून राहते, हेही तितकेच खरे आहे.

दिलेला शब्द

याच काळात रिव्हियन या नव्या कंपनीने मोठा धडा घेतला. १ मार्च २०२२ रोजी तिने आपल्या पिकअपची किंमत सुमारे १७ टक्क्यांनी वाढविली आणि ही वाढ आधी नोंदणी केलेल्यांनाही लागू केली. ग्राहकांनी भराभर नोंदण्या रद्द केल्या. दोनच दिवसांनी कंपनीचे प्रमुख आर. जे. स्कॅरिंज यांनी जाहीर पत्राने क्षमा मागितली आणि जुन्या ग्राहकांना जुन्याच किमतीत गाडी देण्याचे मान्य केले. तोटा सोसून पाळलेला शब्द महाग पडतो, परंतु मोडलेला शब्द त्याहून महाग पडतो, हे आपल्या पेढीवर बसलेल्या कोणालाही नव्याने सांगावे लागणार नाही.

सायबरट्रकचे ग्राहक मात्र इतके भाग्यवान ठरले नाहीत. नोव्हेंबर २०२३ मध्ये गाड्या हाती पडू लागल्या तेव्हा दोन मोटारींच्या गाडीची किंमत ७९,९९० डॉलर होती. ३९,९०० चे आश्वासन कधीच प्रत्यक्षात आले नाही. मार्च २०२५ मध्ये एका दुरुस्तीसाठी कंपनीला तोवर बनविलेल्या जवळजवळ सर्वच गाड्या परत बोलवाव्या लागल्या आणि त्या निमित्ताने खरा आकडा जगापुढे आला. सुमारे पंधरा महिन्यांत बनलेल्या गाड्या ४६,०९६. कोठे दहा लाखांवर नोंदण्या आणि कोठे ही संख्या!

लायटनिंगचाही हिशेब मांडू. अमेरिकेत २०२२ मध्ये १५,६१७, २०२३ मध्ये २४,१६५ आणि २०२४ मध्ये ३३,५१० गाड्या विकल्या गेल्या. तीन वर्षांची बेरीज ७३,२९२. विक्री दरवर्षी वाढतच होती, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. चूक वाढीत नव्हती. दीड लाखांच्या क्षमतेचा खर्च तीस हजारांच्या विक्रीवर पडत होता, तेथे चूक होती.

भार कोणावर पडला

एप्रिल २०२४ पासून डिअरबॉर्नचा कारखाना एकाच पाळीत चालू लागला. सुमारे १,४०० कामगारांना याची झळ लागली. काहींची बदली झाली, काहींनी निवृत्ती पत्करली.

विक्रेत्यांची गोष्ट आपल्याला अधिक जवळची. सप्टेंबर २०२२ मध्ये, उत्साह शिगेला असताना, फोर्डने आपल्या विक्रेत्यांना कळविले की विद्युत गाड्या विकायच्या असतील तर चार्जिंग यंत्रे आणि प्रशिक्षण यांवर पाच लाख ते बारा लाख डॉलरपर्यंत गुंतवणूक करावी लागेल. सुमारे तीन हजारांपैकी १,९०० विक्रेत्यांनी होकार दिला. पुढे मागणी मंदावताच कित्येकांनी अंग काढून घेतले, आणि जून २०२४ मध्ये कंपनीने ती योजनाच गुंडाळून सर्व विक्रेत्यांना विद्युत गाड्या विकण्याची मुभा दिली. ज्यांनी आधी पैसे घातले होते, त्यांची यंत्रे आवारात उभी राहिली. मात्र ज्या विशेष हक्कासाठी पैसे घातले, तो हक्क उरला नाही.

शेवटचा टेकू सरकारचा होता. पात्र विद्युत गाडीवर मिळणारी ७,५०० डॉलरची करसवलत ३० सप्टेंबर २०२५ रोजी संपली. ती संपण्यापूर्वीच्या तिमाहीत लायटनिंगची विक्री दहा हजारांवर गेली. सवलत जाताच ती कोसळली. डिसेंबर २०२५ मध्ये फोर्डने केवळ बॅटरीवर चालणाऱ्या लायटनिंगचे उत्पादन थांबवून, बॅटरी चार्ज करणारे पेट्रोल इंजिन सोबत असलेली गाडी पुढे आणण्याचे जाहीर केले. विद्युत वाहनांच्या एकूण योजना बदलण्यापोटी १,९५० कोटी डॉलरचा भार हिशेबात घ्यावा लागला. त्याआधी सप्टेंबरमध्ये स्टेलँटिस कंपनीने 'रॅम' नावाचा आपला विद्युत पिकअप बाजारात येण्यापूर्वीच रद्द केला होता.

यावरून विजेची गाडीच फसवी, असा निष्कर्ष काढणे मात्र चुकीचे ठरेल. भारतात आज विकल्या जाणाऱ्या तीनचाकींपैकी, ई-रिक्षा धरून, निम्म्याहून अधिक गाड्या विजेवर चालतात. बॅटरी लहान, रोजचा रस्ता ठरलेला, रात्री गाडी घरी परत, आणि किलोमीटरमागची बचत मालकाला महिन्याभरात हातात दिसते. फोर्डनेही आता २०२७ साठी सुमारे ३०,००० डॉलरच्या मध्यम आकाराच्या विद्युत पिकअपची तयारी चालविली आहे. तेथेही भर आहे तो लहान बॅटरीवर. कामाला पुरेल इतकी गाडी आणि कमाईला झेपेल इतकी किंमत, यांची गाठ जेथे पडते तेथे मागणी टिकते.

मित्राच्या मुलाला मी 'एजन्सी घेऊ नकोस' असे म्हटले नाही. तीन कामे करून ये, एवढे सांगितले. कंपनीच्या नोंदण्यांतील विसार परत मिळणारा आहे का, ते विचार. करारात गुंतवणुकीची अट नंतर बदलली तर तुझ्या पैशाचे काय, ते लेखी घे. आणि मार्केट यार्डात जाऊन टेम्पोमालकांशी प्रत्यक्ष बोल, सरकारी सवलत उद्या गेली तरी ही गाडी घ्याल का, असे त्यांना विचार.

पंधरा दिवसांनी तो पुन्हा आला. विसार परत मिळणारा होता. गुंतवणुकीच्या अटीबाबत कंपनीचे लेखी उत्तर अजून आलेले नव्हते. सतरा टेम्पोमालकांना तो भेटला होता. बहुतेकांनी गाडीचे कौतुक केले, चहा पाजला आणि 'बघू' म्हटले. चौघे मात्र म्हणाले होते, "शहरातल्या शहरात फिरायला हवीच आहे, गाडी आणा, आजच विसार देतो."

अहवालाचे पहिले पान त्याने बदलले होते. तेथे आता चार हा आकडा होता. गाळा तारण ठेवण्याचा विचार त्याने तूर्त बाजूला ठेवला आहे. एजन्सीचे अजून ठरलेले नाही.